१:७२ हरिकेन २सी, इंफाळ-कोहिमा १९४४: कॅमोफ्लाजची कड किती मऊ ठेवायची, आणि राउंडेल रंगवायचे की डिकल?

रंगडबी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हरिकेन एमके २सी, ट्रॉपिकल नाकाचं (धुळीसाठी हवेची गाळणी लावलेलं), १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाचं प्लास्टिक मॉडेल. जोडणी झाली आहे, सांधे भरून घासले आहेत, वरून मिस्टर सरफेसर १२०० या प्रायमरचा करडा थर दिला आहे. विमान १९४४ चं, इंफाळ-कोहिमा आघाडीवरचं करायचं आहे. वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे, राउंडेल (हवाई दलाची ओळख सांगणाऱ्या गोल खुणा) गडद निळे-फिके निळे. एअरब्रश ०.३ मिमीचा, कॉम्प्रेसरला टाकी आहे.

रंगाला हात घालण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. दोन रंगांमधली कड टेप लावून धारदार ठेवायची की फवाऱ्याने मऊ? सूचनापत्रकातलं चित्र मॉडेलच्या मापाचं नाही, मग दोन रंगांच्या पट्ट्यांचा नकाशा कसा उतरवायचा? आणि राउंडेल रंगवावेत की डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावावेत? शेपटीकडचा भाग बरगड्यांचा आहे, तिथे डिकल नीट बसेल का ही शंका आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जुना हँगर

कडेचं इथले सभासद 'चिकटपट्टी' सांगतीलच. त्याआधी एक काम करा: एकच विमान ठरवा आणि त्याचा फोटो समोर ठेवा. "बर्मातलं हरिकेन" असं सरसकट रंगवायला गेलात तर प्रत्येक टप्प्यावर अडाल.

२सी चं उत्पादन १९४१ मध्ये सुरू झालं. त्याआधी ब्रिटिश हवाई दलात कॅमोफ्लाजचे ए आणि बी असे दोन आराखडे होते, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. १९४१ च्या सुरुवातीला बी बंद झाला. म्हणजे तुमच्या विमानाला ए आराखडाच येणार. १९४० च्या हरिकेनचं एखादं चित्र समोर घेऊन पट्टे उलट रंगवले गेलेली २सी मॉडेल्स पुष्कळ दिसतात, तेवढं सांभाळा.

राउंडेलमधला लाल रंग या आघाडीवर का काढला हे कळलं की बाकीच्या खुणा आपोआप उलगडतात. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईच्या नजरेला ब्रिटिश राउंडेलमधला लाल ठिपकासुद्धा फसवू शकत होता. म्हणून लाल गेला, पिवळी कडही गेली, आणि राउंडेलचा आकार लहान झाला. आग्नेय आशिया कमांडचा, म्हणजे सीॲकचा नेहमीचा राउंडेल १६ इंच व्यासाचा. १:७२ मध्ये तो ५.६ मिमी होतो. शेपटीवरच्या पट्ट्यात लालच्या जागी फिका निळा आला, म्हणून फिका भाग पुढे आणि गडद मागे.

संदर्भासाठी एक चांगलं विमान म्हणजे सीरियल नंबर एचडब्ल्यू८४०, ३४ स्क्वाड्रन, अक्षरं ईजी-एस. कॅनडाचा वैमानिक जिमी व्हेलन याचं. तो एप्रिल १९४४ मध्ये कोहिमाला मारला गेला. ब्रिटनच्या 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट'मधलं पीझेड८६५, म्हणजे बांधलेलं शेवटचं हरिकेन, काही वर्षं याच खुणांमध्ये उडत होतं, त्यामुळे सगळ्या बाजूंचे रंगीत फोटो सहज मिळतात. फक्त खुणांची जागा आणि मापं त्यावरून घ्या. रंगाची झीज घेऊ नका, ते विमान निगुतीने जपलेलं आहे.

भारतीय हवाई दलाचं करायचं असेल तर १ नंबरची स्क्वाड्रन १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला हरिकेनच उडवत होती. पण टेहळणीच्या काही विमानांवरची शस्त्रं कमी केलेली असत, तेव्हा फोटोत तोफांच्या नळ्या मोजून मगच किटचा पंख ठरवा. दिल्लीत पालमच्या संग्रहालयातही हरिकेन आहे. आकार समजायला ते उत्तम, पण प्रदर्शनासाठी पुन्हा रंगवलेल्या विमानाचा रंग पुरावा धरू नये.

चिकटपट्टी

कडेचा हिशोब आधी कागदावर करू. खऱ्या विमानांच्या जवळून काढलेल्या फोटोंत दोन रंगांची सरमिसळ फार तर एक-दोन इंच रुंद दिसते. १:७२ मध्ये एक इंच म्हणजे ०.३५ मिमी, दोन इंच म्हणजे ०.७ मिमी. आता ०.३ चं नोझल घेऊन मोकळ्या हाताने कड मारलीत तर कितीही जपलंत तरी विरणारा पट्टा दीड-दोन मिमीचा होतो. म्हणजे खऱ्या विमानावर चार ते सहा इंच! मॉडेल खेळणं दिसू लागतं ते इथे. या मापात मोकळ्या हाताची कड नको. मी तर म्हणेन, निवड टेपची धारदार कड आणि मोकळा हात अशा दोघांतच असेल तर डोळे मिटून टेप घ्या.

पण मधला मार्ग आहे, मास्क किंचित उचलून धरायचा. ब्लू-टॅकसारखी पुटी घ्या, काचेवर तळहाताने लाटून दोन मिमी जाडीची लांब वळी करा. ती कॅमोफ्लाजच्या रेषेवर ठेवा, दाबू नका, नुसती टेकवा. वळीचा खालचा भाग गोल असल्यामुळे पृष्ठभागाशी बारीक फट राहते, आणि रंग त्या फटीत अगदी थोडा शिरून कड मऊ होते. वळीच्या आतला, झाकायचा भाग टेपच्या तुकड्यांनी किंवा ओल्या टिश्यूने भरून घ्या.

इथे खरी मेख फवाऱ्याच्या दिशेत आहे. ब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरायचा. कलायचाच झाला तर वळीच्या माथ्यावरून बाहेर, उघड्या भागाकडे. उलटा कलला, म्हणजे उघड्या भागाकडून वळीच्या पोटात मारला, की रंग आत घुसतो आणि तिथली कड एकदम तीन मिमीची होते. पंखावर हे जमतं. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कुशीत, पंखाच्या मुळाशी हात आपोआप तिरपा होतो, तिथे मॉडेल फिरवा, हात फिरवू नका.

हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय (कॉम्प्रेसरच्या काट्यावरचं एकक). अंतर चार-पाच सेंटिमीटर. पहिला फेर जवळजवळ कोरडा, रंग दिसेल न दिसेल इतपत, त्याने कड बंद होते. मग आणखी तीन-चार पातळ फेर. पहिल्याच फेरीत ओला रंग मारलात तर तो वळीखाली ओढला जातो आणि कडेला गडद काठ उरतो. वळी त्याच दिवशी काढा. पुटीतलं तेल रात्रभरात रंगात उतरतं, मग मॅट रंगावर चमकदार माग राहतो.

आता नकाशा. हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट, १:७२ मध्ये १६९.३ मिमी. सूचनापत्रकातल्या वरच्या चित्रात पंखांची टोकं मोजा. समजा ११२ मिमी आली, तर १६९.३ भागिले ११२, म्हणजे १५१ टक्के. झेरॉक्सवाल्याला तेवढा आकडा सांगा, दोन-तीन प्रती काढा. पंख आणि आडवी शेपटी यांच्यासाठी कागद कापून वळीवर ठेवला की काम झालं. फ्यूजलाजला मात्र कागद फसवतो. वरून काढलेलं चित्र बाजूचा उतार दाबून दाखवतं, बाजूचं चित्र माथ्याचा भाग दाबतं, म्हणून दोन कागद जोडले की पट्टे जुळत नाहीत. तिथे दोन्ही चित्रांत सापडणाऱ्या खुणा धरा, जसं कॉकपिटचा मागचा कोपरा, पंखाच्या मुळाची मागची कड, शेपटीच्या पट्टीचं टोक. पेन्सिलीने त्या ठिकाणी ठिपके द्या आणि वळी ठिपक्यांवरून हाताने वळवा.

कुंचला

एअरब्रश नसलेलेही हा धागा वाचत असतील म्हणून लिहिते. या मापात कुंचल्याची कड मुळीच गौण नाही, कारण ०.३५ मिमीची मऊ कड हातभर अंतरावरून धारदारच दिसते. अडचण येते ती रंगाच्या जाडीची आणि फटकाऱ्यांच्या रेघांची.

व्हॅलेहोसारखा पाण्याचा रंग घ्या, वीस-तीस टक्के पाणी आणि एखादा थेंब रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव). सहा नंबरचा चपटा सिंथेटिक कुंचला. पहिला थर खालचा करडा सगळा दाखवेल, दाखवू द्या. एका जागी दोनदा फिरवायचं नाही, ओली कड पुढे नेत जायचं. दोन थरांमध्ये अर्धा-पाऊण तास, एकूण तीन-चार थर. दुसरा थर पहिल्याला आडवा. शेवटचा नेहमी विमानावरून वारा वाहतो त्या दिशेने, म्हणजे पंखावर पुढून मागे. व्हॅलेहोमध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा टामियाचं एक्स-२०ए थिनर घालू नका, रंग फाटून चोथा होतो.

कड मऊ हवीच असेल तर जुना, केस छाटलेला गोल कुंचला घ्या, जवळजवळ कोरडा करा आणि रेषेवर उभा टोचत जा. पूर्ण लांबीला नको, डोळ्यांत भरणाऱ्या दोन-तीन जागी पुरे.

रंगडबी

चिकटपट्टीदादा, झेरॉक्सचा हिशोब फारच उपयोगी. आता रंगांचं विचारतो. टामिया कंपनीचे एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३ हे रंग जवळ आहेत. डार्क अर्थसाठी एक्सएफ-५२ चालेल का? आणि क्रम काय ठेवू? फ्लॅट पांढऱ्याने पॅनेलरेषा आधी उजळून घेण्याची पद्धत पाहिली आहे, ती इथे करावी का?

जुना हँगर

एक्सएफ-८१ हा हवाई दलाचा डार्क ग्रीन आणि एक्सएफ-८३ मीडियम सी ग्रे, दोन्ही बरोबर. एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थ मात्र तसाच वापरू नका, तो तांबूस पडतो. मिस्टर हॉबी ॲक्वियसमधला एच७२ डार्क अर्थ घ्या. तो टामियाच्या ॲक्रिलिकशी मिसळतो आणि त्याच थिनरने पातळ होतो, त्यामुळे तिन्ही रंग एकाच पद्धतीने चालवता येतात. हम्ब्रोलवाल्यांना २९ हा डार्क अर्थ.

क्रम: आधी पोटाचा करडा, वाळला की झाका. मग वर सगळीकडे डार्क अर्थ. मग पुटी लावून डार्क ग्रीन. फिक्यावर गडद सहज बसतो, उलट करायला गेलात तर डार्क ग्रीन झाकायला डार्क अर्थचे जास्त थर लागतात आणि कडेला पायरी तयार होते. ती पायरी डिकलखाली नंतर नक्की दिसते.

मापाच्या मानाने रंग थोडे उजळवा. दहा थेंब रंगाला एक थेंब एक्सएफ-५७ बफ. पांढरा नको, डार्क ग्रीन त्याने पुदिन्याच्या छटेकडे झुकतो. बर्मातल्या उन्हात आणि पावसात डार्क अर्थ फिकट भुरा व्हायचा, डार्क ग्रीन राखाडी पडायचा. दोन रंगांतला फरकच कमी होत जायचा. म्हणून झीज दाखवायची असेल तर दोघांतही बफ वाढवा, एकात नको.

आता माझ्या मते या विमानातली सर्वांत पाहण्याजोगी जागा. बरीच हरिकेन्स युरोपच्या खुणा घेऊन इकडे आली. फ्यूजलाजवर पिवळ्या कडेचा ३६ इंची राउंडेल, शेपटीआधी १८ इंचाचा स्काय (फिकट हिरवट) रंगाचा पट्टा. इथल्या डेपोत ते झाकून त्यावर लहान निळा राउंडेल रंगवला गेला. झाकायला वापरलेला रंग ताजा, आजूबाजूचा उन्हाने विटलेला. त्यामुळे लहान राउंडेलभोवती मोठं गडद वर्तुळ आणि शेपटीआधी गडद पट्टा, अशी ठिगळं राहायची. १:७२ मध्ये वर्तुळ १२.७ मिमी आणि पट्टा ६.३५ मिमी. आधी सगळं विमान बफ घातलेल्या रंगांनी पूर्ण करा, मग टेपमध्ये १२.७ चं भोक पाडून त्यातून बाटलीतला मूळ रंग दोन पातळ फेर मारा. जिथे पट्टा दोन रंगांच्या सीमेवर येतो तिथे दोन्ही रंगांचं ठिगळ करावं लागतं, आणि डेपोतल्या माणसाने सीमारेषा अगदी जुन्या जागीच आणली असेल असं नाही. अर्धा मिमी इकडे-तिकडे झाली तर ती उलट खरी दिसते. फोटोत ठिगळ दिसत नसेल तर मात्र हे करू नका.

चिकटपट्टी

पॅनेलरेषा उजळण्याबद्दल माझं ठाम मत: हरिकेनच्या मागच्या अर्ध्या भागावर नको. कॉकपिटच्या मागे फ्यूजलाज म्हणजे लाकडी फॉर्मर आणि पट्ट्यांवर ताणलेलं कापड. उभी-आडवी शेपटी कापडाची, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) कापडाचे. तिथे पॅनेलच नाहीत, मग रेषा कुठल्या उजळणार? बरगड्यांच्या माथ्यावर अगदी पुसट फिकी छटा द्या, दोन बरगड्यांच्या मधल्या खोलगट भागात मूळ रंग राहू द्या. नाक आणि पंख धातूचे आहेत, तिथे हवी तर करा, तीही जेमतेम.

खरचटल्याच्या खुणांचंही हेच. रुपेरी ठिपके फक्त धातूवर: डाव्या बाजूच्या पंखमुळाशी, कारण वैमानिक डावीकडून चढायचा, इंजिनाच्या झाकणाच्या स्क्रूंभोवती, दारूगोळ्याच्या झाकणांच्या कडांना. कापडावर ॲल्युमिनियमचा पत्रा नव्हताच. तिथे रंग उडाला तर खालचं तांबूस डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) किंवा निस्तेज रुपेरी डोप दिसेल, तेही क्वचित. शेपटीवर चकचकीत ओरखडे काढलेलं हरिकेन दिसलं की माझा जीव तुटतो.

जुना हँगर

पंखांबद्दल सहमत. फक्त बरगड्यांच्या माथ्यावरची फिकी छटा ३० सेंटिमीटरवरून दिसता कामा नये. मॅट थरानंतर ती आणखी उठून येते, म्हणून फवारताना कमी वाटली तरी थांबावं.

नागपुरी ऊन

एप्रिल-मे मध्ये विदर्भात, मराठवाड्यात रंगवणाऱ्यांसाठी. चाळीस अंशांत ॲक्रिलिक नोझल ते मॉडेल या पाच सेंटिमीटरांतच वाळायला लागतो. परिणाम दोन. पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो, आणि सुईच्या टोकावर रंगाची गाठ जमून मध्येच शिंतोडा उडतो. पुटीच्या कडेवर शिंतोडा उडाला की तो भाग पुन्हा करावा लागतो.

एक्स-२०ए ऐवजी मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात वाळणं लांबवणारा घटक असतो. रंग ४०, थिनर ६० भाग, फार उकाडा असेल तर ३५ ला ६५. कपातल्या भिंतीवरून रंग दुधासारखा ओघळला पाहिजे. दाब १२ वर आणा. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने सुईचं टोक पुसा. खरखर झालीच असेल तर पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या ओल्या कागदाने हलक्या हाताने घासा, बरगड्यांवर नको, तिथे कागद माथे खातो. तिथे जुन्या टी-शर्टचा तुकडा पुरतो. आणि पंख्याखाली फवारू नका, धूळ आणि उडालेल्या रंगाचे कोरडे कण दोन्ही बसतात.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर एअरब्रशचा कप धुवायला ठीक. रंगात घालून उघड्या प्लास्टिकवर ओला थर मारलात तर पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि बारीक पॅनेलरेषा बुजतात.

खारा वारा

आमच्याकडे नेमकं उलटं. जून ते सप्टेंबर कोकणात हवेत पाणीच पाणी. लॅकर किंवा लेव्हलिंग थिनरवाला रंग मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका होतो. मॅट क्लिअरला (शेवटच्या बिनचमकीच्या पारदर्शक थराला) तर हे हमखास. हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) स्वस्तात मिळतो, तो टेबलावर ठेवा. सत्तर टक्क्यांच्या वर मॅट क्लिअरला हात लावू नये. एसी असलेल्या खोलीत आधी तासभर मॉडेल, रंग आणि ब्रश तिन्ही ठेवा, मग फवारा. थेट बाहेरून आणलेलं किंवा गार मॉडेल रंगवू नका.

पांढुरकेपणा आलाच तर घाबरून पुन्हा मॅट मारू नका, आतला पांढरा तसाच अडकतो. कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फेर लांबून द्या. थर पुन्हा किंचित सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा काम होतं. डिकल लावलेले असतील तर आणखी जपून, थिनरने डिकल सुरकुततो.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज खालच्या नळीने सोडा. हवेतलं पाणी धरणाऱ्या ट्रॅपच्या काचेत पाणी अर्ध्यावर आलं की रंगाबरोबर पाण्याचा थेंब उडालाच समजा, आणि तो नेहमी डार्क ग्रीनच्या शेवटच्या फेरीत उडतो.

रंगडबी

डार्क ग्रीन झाला. पुटीची पद्धत जमली, कड मापून साधारण अर्धा मिमी आली आहे. पंखमुळाशी एका जागी रंग आत गेला आहे, तो नंतर सुधारतो. आता राउंडेल. ५.६ मिमीचं वर्तुळ टेपमध्ये कापायचं कसं? कटरने गोल येत नाही.

चिकटपट्टी

कटरने येणारच नाही. हार्डवेअरमध्ये वॉशर पाडायचे पोकळ पंच सुटे मिळतात. ५.५ चा घ्या, एक दशांशाचा फरक कोणाला दिसणार नाही. ठिगळासाठी १२.५ किंवा १३ चा मिळाला तर उत्तम. टेप प्लास्टिक कार्डवर चिकटवा, खाली जाड कटिंग मॅट, पंच उभा धरून हातोडीचा एकच ठोका. दोन ठोके दिले की कड दातेरी होते.

आता क्रम बघा, याने गडद आणि फिका एककेंद्री येतात. भोक असलेली टेप जागेवर लावा. आधी संपूर्ण ५.५ चं वर्तुळ फिक्या निळ्याने भरा. वाळला की लहान पंचने काढलेली टेपची टिकली मधोमध ठेवा. भोकाची कड समोर असते, त्यामुळे मध्य नजरेने साधतो. मग गडद निळा मारा. पंधरा मिनिटांनी टिकली आणि टेप दोन्ही काढा. टेप वर उचलायची नाही, स्वतःवर दुमडून पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढायची.

गडद निळ्यासाठी एक्सएफ-८ मध्ये थेंबाथेंबाने काळा घाला, नुसता एक्सएफ-८ फार तजेलदार आहे. फिक्यासाठी त्याच मिश्रणाचा एक भाग आणि पांढऱ्याचे साधारण चार भाग. दोन्ही एकाच निळ्यातून आले की राउंडेल एकसंध दिसतो.

अक्षरं रंगवायची असतील तर स्टेन्सिल कापणारं यंत्र हवं. सीरियल नंबर मात्र डिकलच. आठ इंच उंचीचे आकडे म्हणजे २.८ मिमी, त्यांची रेघ एक इंच, म्हणजे ०.३५ मिमी. इतकं बारीक टेपने येत नाही.

कुंचला

मग डिकलचा भाग मी लिहिते. डिकलखाली चंदेरी दिसणं, सिल्व्हरिंग, याचं कारण एकच: मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो आणि फिल्मखाली हवा अडकते. म्हणून आधी ग्लॉस. टामियाचा चमकदार पारदर्शक एक्स-२२ लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून दोन ओले थर, किमान २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात ४८. नख लावून बघायचं असेल तर पोटाकडे, न दिसणाऱ्या जागी बघा.

प्रत्येक खुण फिल्मच्या अगदी कडेने कापा. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग बाहेर काढून टिश्यूवर ठेवा. कागदावर आपोआप सरकू लागली की ती तयार. मॉडेलवर मार्क सेटरचा (डिकल चिकटवणाऱ्या द्रवाचा) थर, त्यावर डिकल, जागा ठरली की ओल्या कुंचल्याने मधून बाहेर पाणी काढा. सीरियल नंबर कापडाच्या बरगड्यांवर येतो, तिथे दहा मिनिटांनी मार्क सॉफ्टर किंवा मायक्रो सोल, डिकल मऊ करणारं द्रव. डिकल सुरकुततो, आकसल्यासारखा दिसतो. त्या वेळी बोट लावू नका. तासाभरात तो बरगड्यांवर बसतो. उरलेला फुगा दिसला तर बारीक सुईने टोचून पुन्हा एक थेंब. सॉफ्टर कडक असतो आणि सगळ्या कंपन्यांची फिल्म सारखी नसते, म्हणून शीटवरची न लागणारी एखादी खुण आधी सुट्या तुकड्यावर लावून बघा.

सगळं वाळल्यावर ओल्या कापडाने सेटरचे डाग पुसा. राहिले तर मॅटखाली तपकिरी वर्तुळं दिसतात.

जुना हँगर

धुराबद्दल थोडं. एक्झॉस्टचा माग काळा करू नका. मध्ये राखाडी-भुरा, कडेला थोडा तांबूस-काळा, आणि तो पंखमुळावरून खाली-मागे वळतो, सरळ आडवा जात नाही. रंग ऐंशी टक्के थिनर, दाब १०, आणि चार-पाच फेरांत हळूहळू. तोफांच्या नळ्यांमागे पंखाखाली फिक्कट काजळी पुरे. १९४५ च्या सुरुवातीपासून या आघाडीवरच्या विमानांना पंख-शेपटीवर पांढरे ओळखपट्टे आले. तुमचं विमान १९४४ च्या वसंतातलं आहे, डिकल शीटवर दिले असले तरी ते लावू नका.

रंगडबी

शेवटचा प्रश्न. पोट झाकलेली टेप काढताना डाव्या पंखाखाली प्रायमरसकट करड्याचा चार मिमीचा पोपडा निघाला, खाली उघडं प्लास्टिक. ते भरायचं कसं?

खारा वारा

प्रायमरआधी तिथे बोटाचं तेल किंवा साच्यातला स्निग्ध थर राहिला असणार, म्हणून पकड नाही. पोपड्याच्या काठावर टेप घट्ट दाबून उचला. जेवढं सैल आहे तेवढं आत्ताच निघू दे. मग भांडी धुण्याच्या साबणाने तेवढी जागा पुसा, १५०० च्या ओल्या कागदाने काठ उतरते करा, नखाला पायरी लागता कामा नये. त्यावर मिस्टर सरफेसर १५०० दोन पातळ फेर, पुन्हा हलकं घासणं, मग करडा. करडा फक्त ठिपक्यावर मारू नका, जवळच्या पॅनेलरेषेपर्यंत न्या, म्हणजे छटेतला फरक रेषेवर थांबतो. पुढच्या वेळी टेप मॉडेलवर लावण्याआधी एकदा हाताच्या पंज्यावर लावून काढा. चिकटपणा निम्मा होतो, आणि पोटाच्या झाकणीला तेवढा पुरतो.

चिकटपट्टी

पंखमुळाशी जो रंग आत गेला आहे तोही याच वेळी उरका. डार्क अर्थ ७० टक्के थिनरमध्ये, दाब १०, वळी डार्क ग्रीनच्या बाजूला ठेवून, ब्रश अगदी काटकोनात. ग्लॉस मारण्याआधी, नंतर नाही.